भिंतीस हात घालण्यापूर्वी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



वडिलार्जित घरावर मजला चढविताना "अनुभवी गवंडी असता इंजिनियर कशास?" असे पुष्कळ घरांत विचारले जाते. गिलावा, रंग, फरशी यांस महाराष्ट्रात परवानगी लागत नाही. परंतु १९६६ च्या नगररचना कायद्यान्वये शहरांत नव्या बांधकामास व वाढीव मजल्यास ती लागते; आणि नकाशांवर परवानाधारक वास्तुविशारदाची वा इंजिनियरची सही असावी लागते.

गवंड्याचे कसब थोर. पण जुना पाया नवा भार पेलेल काय, हे गणितच सांगते. १९९३ साली किल्लारीच्या भूकंपात मातीत रचलेल्या जड दगडी भिंतींखाली हजारो जीव गेले, याचे विस्मरण न व्हावे. त्या सहीने एक जाणता मनुष्य आपल्या छपराची जबाबदारी स्वीकारतो. काटकसर करावयाची ती अन्यत्र करावी, इतकीच विनंती.