चेहऱ्यावरचा प्रत्येक चट्टा गाजरगवताचा नसतो
(श्रीरामपूर येथील शेतकरी मेळाव्यात महिलांसाठी दिलेले भाषण)



आपल्या श्रीरामपूर भागात कांद्याची, सोयाबीनची खुरपणी आणि काढणी बहुतांशी भगिनींच्याच हातून, भर उन्हात होते. अशा बाईच्या चेहऱ्यावर लाल चट्टा उठला की घरात निदान ठरलेले असते, "काँग्रेस गवत बाधले." पुष्कळदा ते खरेही असते. पुण्यात १९५५ च्या सुमारास नजरेस आलेले हे गाजरगवत आज बांधाबांधावर आहे. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे पापण्या, मान व कोपराच्या खळग्यात विलक्षण खाज सुटते आणि जुना त्रास उन्हाने बळावतो. शेवंती व सूर्यफूल त्याच कुळातील असल्याने काहींना तीही सोसत नाहीत.

परंतु ल्युपस नावाचा दुसरा आजारही उन्हानेच उफाळतो. यात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. राखणीच्या कुत्र्याने घरच्यांनाच चावावे, तसा हा प्रकार! दहा रुग्णांत साधारण नऊ स्त्रिया असतात, त्याही बहुधा ऐन कामाच्या वयातल्या. चट्टा नाकावरून दोन्ही गालांवर फुलपाखरासारखा पसरतो. नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा मोकळी राहते. जोडीला सांधेदुखी, बारीक ताप, केस गळणे, तोंडात व्रण. पायावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर मूत्रपिंडाला झळ लागली असण्याची शक्यता असते. ते दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो. लघवीची साधी तपासणी ग्रामीण रुग्णालयातही होते. ती आधी करून घ्यावी.

तोपर्यंत दुकानातून मलम आणून चोळू नये. स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाने चार दिवस बरे वाटते, पुढे कातडी पातळ होते आणि खरा आजार झाकला जातो. औषधांचेही उन्हाशी वैर असते. डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या चालू असताना उन्हात गेल्यास कातडी भाजल्यासारखी होऊ शकते. ल्युपसच्या रुग्णाला सल्फाची औषधे अनेकदा बाधतात. न सोसलेल्या औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून जवळ ठेवावे व प्रत्येक डॉक्टरला आधी ती चिठ्ठी दाखवावी.

ल्युपसवर हायड्रॉक्सीक्लोरोक्विन ही मूळची हिवतापाची गोळी वर्षानुवर्षे घ्यावी लागते. सुरुवातीला डोळ्यांचा पडदा तपासावा, पाच वर्षांनंतर दरवर्षी; मूत्रपिंड बिघडलेले असल्यास त्याआधीपासूनच. दिवस गेले म्हणून सासूबाईंनी ती परस्पर बंद करू नये. गरोदरपणातही ती बहुधा चालू ठेवतात. स्टेरॉइडच्या गोळ्या तर बरे वाटले तरी एकदम तोडू नयेत. त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच हळूहळू कमी करायच्या असतात, अन्यथा जिवावर बेतू शकते.

आता कामाचे. "ऊन टाळा" असे सांगणे सोपे, पण रोजंदारी कोण भरून देणार? तेव्हा वाटणी बदलावी. खुरपणी सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर. मधल्या वेळेत कांदा निवडणे, बी साफ करणे अशी सावलीतली कामे द्यावीत. ढगाळ दिवशीही सावध राहावे. पूर्ण बाह्यांचा घट्ट विणीचा सदरा व रुंद काठाची टोपी वापरावी. पदर भिजवून डोक्यावर घेतल्याने गार वाटते खरे, पण ओल्या सुती कापडातून किरण अधिक आत शिरतात. उन्हापासून दूर राहणाऱ्यांनी ड जीवनसत्त्वाविषयी डॉक्टरांना विचारावे.

बांधावरचे गाजरगवत फुलोऱ्यापूर्वी, हातमोजे घालून उपटावे. ज्यांना त्याची बाधा आहे त्यांना मात्र त्या कामाला लावू नये.