शाल-श्रीफळ देऊ, पण साथही देऊ

3 डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन. संयुक्त राष्ट्रांनी तो 1992 साली ठरवला. या दिवशी गावोगावी कार्यक्रम होतात. आम्हा बचत गटाच्या बायकांना वाटतं, की बारामती-इंदापूरच्या कॉलेजांत शिकणारी जी मुलं-मुली दिव्यांगांच्या हक्कासाठी धडपडतात, त्यांचीही या निमित्तानं पाठ थोपटावी.

ही मुलं नेमकं काय करतात? न दिसणाऱ्या मैत्रिणीला परीक्षेसाठी लेखनिक शोधून देतात. तीन तासांच्या पेपरला एक तास जादा मिळायला हवा, हे ऑफिसात जाऊन सांगतात. कुबड्या घेऊन येणाऱ्या मित्राचा वर्ग तळमजल्यावर आणा, म्हणून प्राचार्यांना अर्ज देतात. गावातल्या कुणाचं दिव्यांग ओळखपत्र नसेल, तर यूडीआयडीचा अर्ज मोबाईलवर भरून देतात. त्याला पैसे पडत नाहीत. पण कार्ड नसेल तर एसटीची 75 टक्के सवलतही हातची जाते.

यात उपकार कुणाचेच नाहीत. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकारचं दिव्यांगत्व मोजलं आहे. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांत 5 टक्के जागा राखीव आहेत. कायदा आहे, पण तो मागावा लागतो. एकट्या मुलीनं मागितलं तर "उद्या या" म्हणतात. दहा जण सोबत गेले की कागद हलतो.

आणि मागणाऱ्यांत दिव्यांग मुलं स्वतः पुढे आहेत, हे विसरू नका. आपल्या महाराष्ट्रातल्या ओमकार गोंड या विद्यार्थ्याला वाचादोषाची टक्केवारी जास्त म्हणून एमबीबीएसला अपात्र ठरवलं होतं. तो सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. 2024 मध्ये कोर्टानं सांगितलं, की नुसत्या टक्क्यांवरून कुणाला नाकारू नका, तो अभ्यास करू शकतो का ते तपासा. त्याला प्रवेश मिळाला आणि मागून येणाऱ्यांची वाटही मोकळी झाली.

म्हणून सत्कार करताना दोन गोष्टी सांभाळू या. एक, स्टेजवर फक्त मदत करणारी नकोत. ज्यांच्यासाठी मदत झाली तीही हवीत, आणि माईक त्यांच्याही हातात हवा. त्यांना "बिचारी" म्हणायचं नाही. स्टेजला पायऱ्याच असतील, तर आधी उताराची सोय करायची. दोन, सत्कार झाला की घरी जाऊन झोपायचं नाही. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातला 5 टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. ग्रामसभेच्या आधी आपली महिला ग्रामसभा होते. तिथं ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना सरळ विचारू, "भाऊसाहेब, यंदा तो निधी किती होता, आणि कुठं खर्च झाला?" उत्तर इतिवृत्तात लिहून घेऊ.

ही पोरं वीस-बावीस वर्षांची आहेत. दोन-तीन वर्षांत शिकून पुण्याला, मुंबईला नोकरीला जातील. आपण मात्र इथंच आहोत. त्यांनी धरलेली बाजू पुढे आपणच धरायची आहे. शाल कपाटात जाते, श्रीफळाची चटणी होते. पण पुढच्या अर्जाला चार आया सोबत उभ्या राहिल्या, तर ते त्या मुलांच्या कायम लक्षात राहील.

चला तर, या महिला ग्रामसभेत भेटू.