गलाई कामगाराच्या श्वासाचा प्रश्न
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



धातूच्या धुराचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे किर्लोस्करवाडीची किंवा मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतील ओतशाळा उभी राहते. ते स्वाभाविक आहे. तेथे निदान हजेरीपट असतो, कामगाराचे नाव कोठेतरी लिहिलेले असते. मी आज बोलणार आहे ते ज्यांचे नाव कोठेच लिहिलेले नसते त्यांच्याविषयी. खानापूर, आटपाडी, खटाव, माण या अवर्षणाच्या पट्ट्यातून सोने-चांदी गाळण्यासाठी देशभर पांगलेले गलाई कामगार हे आपल्याच घरचे लोक आहेत. टेंभूचे पाणी आता आले. माणसे मात्र त्यापूर्वीच गेली होती.

कामाचे स्वरूप पाहा. बाजारपेठेतील एक अरुंद खोली, तीत भट्टी, मूस आणि तेजाबाची बरणी. अशुद्ध सोन्यात चांदी मिसळून ते मिश्रण नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोने तळाशी उरते, आणि तांबूस रंगाचा वायू खोलीत भरतो. जुन्या दागिन्यांच्या डाकात कॅडमियम असते. सोने वितळते १०६४ अंशांवर, कॅडमियम मात्र ७६७ अंशांवरच उकळते. म्हणजे मालकाचे सोने द्रवरूप होण्यापूर्वीच कॅडमियमची वाफ कामगाराच्या नाकात गेलेली असते!

या वाफेचे कण एका मायक्रॉनहूनही लहान असतात. तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवीत नाही. ते थेट वायुकोशांपर्यंत पोहोचतात. वायुकोशाच्या भिंतीत दोन प्रकारच्या पेशी असतात: एक प्राणवायू आत घेणारी पातळ पेशी, आणि दुसरी वायुकोश मिटू नये म्हणून स्निग्ध द्रव स्रवणारी व झीज भरून काढणारी पेशी. कॅडमियम पेशीतील ग्लुटाथायोन हे संरक्षक द्रव्य बांधून टाकते; पेशी निःशस्त्र होते व मरते. कण गिळण्यास आलेल्या भक्षक पेशीही दाहक द्रव्ये सोडून आग वाढवितात. सर्वांत घातक गोष्ट अशी की, पहिले काही तास घसा कोरडा पडणे, अंग मोडून ताप येणे, याहून अधिक काही जाणवत नाही. कामगार पुन्हा भट्टीपाशी बसतो. फुप्फुसात पाणी भरते ते नंतर. दीर्घकाळ थोडी थोडी वाफ घेणाऱ्याच्या मूत्रपिंडात हा धातू दशकानुदशके राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ साली कॅडमियमला मानवी कर्करोगाचे निश्चित कारण ठरविले आहे.

शिशाची कथा निराळी नाही. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी कामगार, चांदीचे कारागीर व रंगफवारणी करणारे यांच्या पाहणीत त्यांच्या रक्तातील शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले.

आणि कायदा? १९४८ च्या कारखाना कायद्याने विजेवर चालणाऱ्या ठिकाणी १० व विजेविना २० कामगार ही मर्यादा घातली. २०२० च्या संहितेने ती २० व ४० वर नेली. चार माणसांच्या गलाई दुकानाला ना पहिली लागू, ना दुसरी. ज्याला कारखाना म्हणावयाचे नाही, तेथे निरीक्षक कशाला जाईल? शिवाय दुकानमालक बहुधा त्याच गावचा, कधी भावकीतलाच. तेव्हा तक्रार करणार कोणाकडे, हाही प्रश्न आहेच. तो मालकही उमेदवारीत तोच धूर गिळून वर आलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

ही माणसे गावच्या यात्रेला परततात. त्या आठवड्यात तालुक्याच्या रुग्णालयात त्यांच्या रक्तातील शिसे, लघवीतील कॅडमियम व श्वासाची क्षमता तपासण्याची सोय शासनाने करावी, अशी मागणी आपण जिल्हा परिषदांपुढे ठेवू या. खोकला घेऊन आलेल्या माणसाला डॉक्टरांनी क्षयाची तपासणी करतानाच ‘धंदा कोणता, किती वर्षे?’ हेही विचारावे. तोवर दुकानात धूर ओढून बाहेर टाकणारे धुराडे व पंखा हवाच. पुढच्या यात्रेपूर्वी आपापल्या गावातील गलाई कामगारांची यादी, कामाच्या वर्षांसह, प्रत्येक शाखेने तयार करावी. विट्यापासून आरंभ करू या.