पोडावरचा सेवक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात यवतमाळ येथे केलेले भाषण)



आफ्रिकेतील खेड्यांत जाऊन सेवा करणाऱ्या माणसांविषयी आपणां सर्वांस आदर वाटतो. डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर १९१३ साली गॅबनमधील लांबारेने येथे गेले व त्यांनी अरण्यात रुग्णालय उभारले. १९६१ साली अमेरिकेच्या शांतिसेनेचे पन्नासएक तरुण शिक्षक घानात उतरले, तेव्हा त्यांनी विमानतळावरच तेथील त्वी भाषेत गीत गाऊन यजमानांना वंदन केले. परक्या खेड्यात प्रवेश करावयाचा तो तेथल्या भाषेच्या दारातून, हे त्या तरुणांनी ओळखले होते.

असे खेडे पाहावयास समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. आपल्याच जिल्ह्यात केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या तालुक्यांत कोलाम बांधवांचे पोड आहेत. पोड म्हणजे मूळ गावापासून अलग, बहुधा रानाच्या कडेला वसलेली थोडक्या घरांची वस्ती. महाराष्ट्रातील ज्या तीन जमातींची गणना केंद्र सरकारने विशेष दुर्बल गटांत केली आहे, त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्याबरोबर कोलाम येतात. यवतमाळहून सकाळी निघून संध्याकाळी परत येता येईल, इतके हे पोड जवळ आहेत. तरीही आपल्यापैकी कितीजणांना कोलामी भाषेतील चार वाक्ये येतात? कॅलिफोर्नियाचे प्राध्यापक मरे एमेनो यांनी या द्राविडी कुळातील भाषेवर १९५५ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. भाऊ मांडवकरांनी कोलामांच्या जीवनावर मराठीत ग्रंथ लिहिला. आम्ही मात्र शेजारी असून परके राहिलो.

पोडावर राहणाऱ्या सेवकाचा दिवस कसा जातो, ते थोडक्यात सांगतो. त्यात थोर पराक्रम शोधू नये. उजाडण्यापूर्वी बाया पाण्याला निघतात. सेवकालाही आपला हंडा स्वतः भरावा लागतो. वेचणीच्या दिवसांत दिवस वर येण्याच्या आत माणसे कापसाच्या शेतांत गेलेली असतात आणि उन्हाळ्यात तेंदूपत्त्याला रानात. म्हणून दुपारची सभा अथवा वर्ग भरविणे व्यर्थ होय. दुपारी भेटतात ती म्हातारी माणसे, लहान मुले आणि टोपल्या विणणारे हात. त्यांच्याजवळ बसून शब्द शिकावेत. खरे काम रात्री, जेवणे झाल्यावर, चावडीवर सुरू होते. आणि तेथेही नाईकाचे बोलणे आधी ऐकावयाचे, आपले मागाहून.

पाण्याचेच उदाहरण घ्या. हातपंप बसवून दिला की मोठा उपकार झाला, असे दात्यास वाटते. परंतु या भागात कित्येक ठिकाणी जमिनीतील पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण लिटरला दीड मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर जाते. असे पाणी वर्षानुवर्षे पिऊन मुलांच्या दातांवर डाग पडतात, पुढे सांधे आखडतात. नाल्यातील झिऱ्याच्या पाण्यात हा दोष सहसा कमी, पण रोगजंतूंची भीती अधिक. तेव्हा पाणी तपासून आणणे, पिण्याचे कोणते व धुण्याचे कोणते हे बायांशी बोलून ठरविणे, झिऱ्याचे पाणी उकळण्याची सवय लावणे, हे सेवकाचे काम. एका दिवसाच्या पाहुण्याकडून ते होणे नाही.

तीच गोष्ट आजाराची. वारंवार हातपाय ठणकतात म्हणून रडणारे मूल सिकलसेलचे असू शकते; विदर्भातील आदिवासींत हा रक्ताचा आजार बराच आढळतो. त्याची रक्ततपासणी करून आणावयाची, तर आधी आईचा विश्वास हवा.

आणि तीच गोष्ट कागदांची. २००६ च्या वनहक्क कायद्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींना हक्क सांगता येतो. वडीलधाऱ्यांचा जबाबही त्यात पुराव्यादाखल धरला जातो. परंतु तो जबाब ऐकून, समजून, नीट लिहून ग्रामसभेपुढे ठेवणारा कोणी हवा. म्हाताऱ्याने कोलामीत सांगितलेली शेताची सीमा मराठी कागदावर चुकली, तर त्याच्या नातवाचे शेत जाते.

बंधुभगिनींनो, आपले मंडळ दरवर्षी गुणवंतांचा सत्कार करते, शिष्यवृत्त्या देते. हे योग्यच आहे. मागील पिढीने आपल्या मुलांना हात दिला, म्हणूनच आज आपण येथे बसलो आहोत. ज्ञातीने दिलेले हे बळ ज्ञातीच्या उंबरठ्याआतच संपावे काय? पोडावर वर्षातून एकदा मोटारी घेऊन जावे, कपडे वाटावेत, छायाचित्रे काढावीत आणि अंधार पडण्यापूर्वी परतावे, याला आम्ही सेवा म्हणत नाही. देणारा उंच आणि घेणारा ठेंगणा, एवढेच त्यातून त्या मुलांना शिकावयास मिळते.

म्हणून मंडळापुढे आमची एकच विनंती आहे. कपडेवाटपाचा निधी यापुढे निराळ्या कामी लावावा. शिक्षण संपविलेल्या दोघा तरुणांना किंवा तरुणींना, पोडाची संमती घेऊन, पूर्ण एक वर्ष तेथे राहण्यापुरता निर्वाहखर्च द्यावा. पहिले तीन महिने त्यांनी काहीही सुधारू नये. भाषा शिकावी, पाणी भरावे, चावडीवर ऐकत बसावे. वर्षाअखेरीस त्यांचा अहवाल याच व्यासपीठावरून वाचला जावा, आणि तो ऐकावयास पोडाचा नाईक आपल्या पंक्तीला पाहुणा म्हणून बसलेला असावा. आपल्या कामाविषयी तो जे सांगेल, तेही आपण शांतपणे ऐकून घेऊ.