कमाई कुणाची?

‘कमवा आणि शिका’ म्हटलं की कर्मवीर भाऊराव पाटील आठवतात. 1924 मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा गेलं; ते मात्र आपण ओझरतंच सांगतो.

मी याच योजनेतून शिकले. रोज दोन-तीन तास काम, तासावर मानधन, हजेरीपटावर सही, महिनाअखेर हिशेब. आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा मुलांकडे, झाडलोट मुलींकडे. का? तर म्हणे, “तुम्हाला सवय असते!” आम्ही सह्यांचा अर्ज दिला, कामं आळीपाळीने करून घेतली. मानधन मात्र घरी वडिलांच्या हातात जायचं. ते भांडण मी भांडलेच नाही.

आता वस्तीतल्या मुलींना विचारते, पैसे खात्यात येतात, पण काढतं कोण? परवा एकजण म्हणाली, “ताई, कार्ड दादाकडे असतं.”