गुरूचा त्याग आणि त्यानंतर : १८७८ सालचा ब्राह्म समाज



गुरूला शरण जाण्याविषयी आपल्या देशातील सर्व भाषांत विपुल लेखन झालेले आहे. संतांची चरित्रे, संप्रदायांचे इतिहास आणि भक्तांच्या आठवणी यांतून शिष्य गुरूजवळ कसा आला याची वर्णने वाचावयास मिळतात. गुरूवरील श्रद्धा ढळून शिष्य मंडळीबाहेर कसा पडला, ही हकीकत मात्र क्वचितच नोंदली जाते. जो राहतो तो चरित्र लिहितो. जो जातो त्याला कृतघ्न म्हटले जाते, आणि पुष्कळदा तो स्वतःही त्या विषयावर मौन पाळणेच पसंत करतो. या दृष्टीने गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात बंगालमध्ये घडलेली एक घटना अपवादात्मक म्हटली पाहिजे. १८७८ साली केशवचंद्र सेन यांच्या अनुयायांपैकी एका मोठ्या वर्गाने त्यांचे नेतृत्व सोडले. ही माणसे लिहिती होती, वाद करणारी होती; त्यामुळे श्रद्धा कशी जडली, कशी झिजली आणि शेवटी कशी तुटली याचा बराच पुरावा मागे राहिला आहे. आजच्या व्याख्यानाचा विषय हा पुरावा काय सांगतो, हा आहे.

राममोहन राय यांनी १८२८ साली स्थापन केलेल्या ब्राह्म सभेला देवेंद्रनाथ ठाकूर यांनी पुढे संघटित रूप दिले. १८५७ साली केशवचंद्र त्या समाजात आले. त्यांचे वय तेव्हा अवघे एकोणीस वर्षांचे होते. त्यांचे वक्तृत्व, त्यांची तळमळ आणि तरुणांना आकर्षून घेण्याची त्यांची शक्ती पाहून देवेंद्रनाथांनी १८६२ साली त्यांना आचार्यपद दिले व ‘ब्रह्मानंद’ ही पदवी दिली. पुढे जानव्याचा प्रश्न निघाला. जातिभेद न मानणाऱ्या समाजाच्या वेदीवर जानवे घातलेल्या उपाचार्याने बसावे काय, असे तरुण विचारू लागले. देवेंद्रनाथ सावकाशीने जाऊ इच्छीत होते, केशवचंद्रांना विलंब सोसवत नव्हता. ११ नोव्हेंबर १८६६ रोजी भारतवर्षीय ब्राह्म समाजाची वेगळी स्थापना झाली. म्हणजे ज्या गुरूचा पुढे त्याग झाला, त्याने स्वतःही विवेकाला स्मरून आपल्या वडीलधाऱ्या गुरुस्थानीय पुरुषापासून फारकत घेतली होती, हे प्रथम ध्यानात ठेवावयास हवे.

या नव्या समाजाला घटना नव्हती, अध्यक्षही नव्हता. प्रत्यक्ष परमेश्वर हाच समाजाचा प्रमुख, अशी त्यामागील भूमिका होती, आणि केशवचंद्र केवळ चिटणीस होते. ही कल्पना वरवर पाहता नम्रतेची वाटते. व्यवहारात मात्र तिचा परिणाम निराळा झाला. ज्या संस्थेचा प्रमुख अदृश्य असतो, तेथे त्याची इच्छा कोणाला कळते हा प्रश्न उरतोच, आणि ज्याला ती कळते असे मंडळी मानतात त्याच्या हाती सर्व सत्ता आपोआप जाते. त्याला प्रश्न विचारण्याची सभा नसते, त्याची मुदत संपत नसते, आणि त्याच्या निर्णयावर दाद मागण्याची जागाही नसते.

या मंडळीत येणाऱ्यांनी काय गमावले होते, हे कळल्याखेरीज पुढील घटनांचे मोल कळणार नाही. २२ ऑगस्ट १८६९ रोजी कलकत्त्यात केशवचंद्रांच्या समाजाचे मंदिर उघडले आणि त्या दिवशी काही तरुणांनी दीक्षा घेतली. त्यांत पुढे ‘रँग्लर’ म्हणून कीर्ती पावलेले आनंदमोहन बसू होते आणि संस्कृत कॉलेजात शिकलेले शिवनाथ भट्टाचार्य होते. शिवनाथ हे मजिलपूरच्या एका वैदिक ब्राह्मणाचे एकुलते एक पुत्र. दीक्षेबरोबर त्यांनी जानवे टाकले. वडील हरानंद हे करारी पुरुष होते. त्यांनी मुलाला घराचे दार बंद केले आणि पुढे कित्येक वर्षे त्याच्याशी बोलणे टाकले. हेच शिवनाथ पुढे शिवनाथ शास्त्री म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांच्यासारख्या तरुणांना घर, जात, गाव आणि वारसा या सर्वांच्या मोबदल्यात एक मंडळी मिळाली होती. १८७२ साली केशवचंद्रांनी भारत आश्रम काढला, तेथे अनेक कुटुंबे एकत्र राहत, एकत्र जेवत व एकत्र उपासना करीत. जातीबाहेर टाकलेल्या माणसाला तो आश्रम म्हणजे दुसरे घर होते. असे घर सोडावयाचे तर मागे परतावयास पहिले घर उरलेले नसते. गुरूच्या मंडळीत वर्षानुवर्षे राहिलेली माणसे मनात शंका आली तरी लवकर बाहेर का पडत नाहीत, याचे एक साधे कारण येथे सापडते. त्यांना केवळ भित्रे वा आंधळे म्हणणे अन्यायाचे होईल.

शंकेची पहिली ठिणगी दीक्षेच्याही आधी पडलेली होती. १८६८ साली केशवचंद्र बिहारमधील मुंगेर येथे असताना भक्तीची मोठी लाट उसळली. संकीर्तने होऊ लागली, माणसे रडू लागली, आणि काही अनुयायी केशवचंद्रांच्या पायांवर लोळण घेऊन त्यांच्याकडे उद्धाराची याचना करू लागले. विजयकृष्ण गोस्वामी व यदुनाथ चक्रवर्ती या दोघा प्रचारकांनी या मनुष्यपूजेचा वृत्तपत्रांतून जाहीर निषेध केला. केशवचंद्रांनी आपण असल्या पूजेची अपेक्षा करीत नसल्याचे सांगितले. तथापि, दुसऱ्याच्या भक्तीला आवर घालण्याचा आपल्याला अधिकार नाही, अशीही त्यांची भूमिका होती. वादळ शमले, विजयकृष्ण परत आले. पण या उत्तरात एक गोष्ट उघड झाली. गुरू पूजा मागत नव्हता. मात्र ती नाकारतही नव्हता.

त्यानंतर ‘आदेश’ हा शब्द समाजात अधिकाधिक ऐकू येऊ लागला. प्रार्थनेत परमेश्वराची प्रत्यक्ष आज्ञा अंतःकरणाला कळते, हे मत तत्त्वतः प्रत्येक ब्राह्माला लागू होते. प्रत्यक्षात समाजाच्या कारभारात एकाच अंतःकरणाला कळलेला आदेश चालू लागला. १८७४ साली शिवनाथ व त्यांच्या मित्रांनी ‘समदर्शी’ हे मासिक काढून कारभार लोकमताने चालावा, स्त्रियांना अधिक स्वातंत्र्य मिळावे, अशी मते मांडण्यास सुरुवात केली. तरीही ही माणसे समाजातच राहिली. श्रद्धा अशी एका दिवसात जात नाही. प्रथम गुरूच्या कृतीला अर्थ लावून घेतला जातो, मग त्याच्या भोवतालच्या माणसांना दोष दिला जातो, मग सुधारणेची आशा धरली जाते. हा कालावधी येथे जवळजवळ दहा वर्षांचा होता.

शेवटचा प्रसंग विवाहाचा होता. १८७२ चा तिसरा कायदा हे केशवचंद्रांच्या कार्याचे मोठे फळ मानले जाई. त्या कायद्याने वधूचे किमान वय चौदा व वराचे अठरा ठरविले होते. मुलींच्या विवाहाचे योग्य वय कोणते यावर केशवचंद्रांनी नामांकित डॉक्टरांची मते मागविली होती, आणि बालविवाह हे पाप आहे असे त्यांच्या अनुयायांना त्यांनीच शिकविले होते. १८७८ च्या आरंभी त्यांची ज्येष्ठ कन्या सुनीती हिचा कुचबिहारचे तरुण महाराज नृपेंद्रनारायण यांच्याशी विवाह ठरल्याचे प्रसिद्ध झाले. सुनीतीला चौदावे वर्ष पुरे झालेले नव्हते, आणि महाराज सोळा वर्षांचेही नव्हते.

केशवचंद्रांची बाजू अगदीच निराधार नव्हती. कुचबिहार हे संस्थान असल्यामुळे तो कायदा तेथे लागू नव्हता. महाराजांना विलायतेस पाठविण्यापूर्वी शिक्षित मुलीशी त्यांचा विवाह व्हावा, असा ब्रिटिश अधिकाऱ्यांचा आग्रह होता. हा विवाह म्हणजे केवळ वाङ्‌निश्चय समजावा, दोघे वयात येईपर्यंत एकत्र राहणार नाहीत, आणि विधी मूर्तिपूजेपासून मुक्त असतील, असे ठरले होते. एका संस्थानात सुधारणेचा प्रवेश होईल, हीही आशा होती. परंतु या कारणांपेक्षा वेगळे असे एक कारण केशवचंद्रांच्या पक्षाकडून पुढे आले, आणि तेच निर्णायक ठरले. हा विवाह ईश्वरी आदेशाने ठरला आहे, असे ते कारण होते.

फेब्रुवारीत तेवीस ब्राह्मांनी निषेधाचे पत्र पाठविले. शिवचंद्र देव, दुर्गामोहन दास, आनंदमोहन बसू, द्वारकानाथ गांगुली आणि शिवनाथ शास्त्री हे या पक्षाचे पुढारी होते. गावोगावच्या समाजांकडूनही पत्रे आली. शिवनाथांनी या कार्यासाठी सरकारी शाळेतील नोकरी सोडली. ६ मार्च १८७८ रोजी कुचबिहारात विवाह झाला. राजवाड्यातील मंडळींनी हिंदू विधींचा आग्रह धरला, आणि ठरलेल्या गोष्टींपैकी अनेक बाजूला पडल्या. विलायतेस जाऊन आल्यामुळे जातिबहिष्कृत ठरलेल्या केशवचंद्रांना कन्यादानही करता आले नाही. ते त्यांच्या धाकट्या बंधूंना करावे लागले.

तर्काच्या दृष्टीने पाहिले तर विरोधकांनी गुरूला कोणत्याही परक्या मापाने मोजले नव्हते. माप त्यानेच दिले होते. विवेकाशी तडजोड करू नये, वडीलधाऱ्यांच्या दबावापुढे वाकू नये, बालविवाहाला हात लावू नये, हे ज्यांनी केशवचंद्रांकडून ऐकले होते त्यांनीच ते खरे मानून घरे सोडली होती. ज्या आज्ञेसाठी शिष्याने बापाचे घर सोडले, ती आज्ञा गुरूच्या घरी मात्र लागू नाही, असे मान्य करावयाचे तर त्या पूर्वीच्या त्यागालाच अर्थ उरत नव्हता. म्हणून त्यांच्या संतापात दुःखाचा अंश फार मोठा होता. काही विरोधकांची भाषा कठोर व वैयक्तिक झाली, हेही येथे नमूद करणे प्राप्त आहे. या साऱ्या वादात ती तेरा वर्षांची मुलगी काय सोशीत होती याचा विचार थोड्यांनीच केला. सुनीतीदेवींनी पुढे १९२१ साली इंग्रजीत आत्मचरित्र प्रसिद्ध केले. त्यात पित्यावरील त्यांची निष्ठा अढळ दिसते.

मार्चमध्ये मंदिराच्या वेदीवरून झगडा झाला. केशवचंद्रांना आचार्यपदावरून दूर करण्याचा ठराव विरोधकांनी केला, पण मंदिराचा ताबा केशवचंद्रांच्या पक्षाकडेच राहिला, आणि बंदोबस्तासाठी पोलीस आणावे लागले. वर्गणीने उभे राहिलेले ते मंदिर कोणाचे, हे सांगणारा कोणताही दस्तऐवज नव्हता. अखेर १५ मे १८७८ रोजी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये सभा भरून साधारण ब्राह्म समाजाची स्थापना झाली. मराठी वाचकाला ‘साधारण’ हा शब्द सुमार या अर्थाने ऐकण्याची सवय आहे. येथे त्याचा अर्थ सर्वांचा, सर्वसामान्यांचा असा आहे.

बाहेर पडलेल्यांनी रिकाम्या जागी दुसरा गुरू बसविला नाही. त्यांनी घटना लिहिली. सभासदांनी निवडलेले कार्यकारी मंडळ, बाहेरगावच्या समाजांना प्रतिनिधित्व आणि ठरावीक मुदतीने निवडणूक, अशी व्यवस्था त्यांनी केली. आनंदमोहन बसू पहिले अध्यक्ष झाले. कोणताही मनुष्य वा ग्रंथ अस्खलनशील नाही, हे तत्त्व त्यांनी जाहीर केले. पुढच्याच वर्षी सिटी स्कूल निघाले आणि त्याचे यथावकाश महाविद्यालय झाले. १८८१ साली कॉर्नवॉलिस स्ट्रीटवर नवे मंदिर उभे राहिले. उलट बाजूस केशवचंद्रांनी ‘नवविधान’ घोषित केले, आणि ८ जानेवारी १८८४ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर वेदीवर कोणी बसावे यावरून त्यांच्या निष्ठावंतांत तंटा लागला. केशवचंद्रांची जागा रिकामीच ठेवावी, असा एका पक्षाचा आग्रह होता. एका समाजात जागा निवडणुकीने भरली जात होती, दुसऱ्यात ती मृत गुरूसाठी राखली जात होती.

परंतु येथेच थांबल्यास कथा अपुरी राहील. घटनेने अन्याय आवरता येतो, तहान भागविता येत नाही. तरुण नरेंद्रनाथ दत्त साधारण ब्राह्म समाजाचे सभासद झाले होते. त्यांना जे हवे होते ते तेथे मिळाले नाही, आणि ते दक्षिणेश्वरी रामकृष्णांकडे गेले. मुंगेरच्या मनुष्यपूजेचा निषेध करणारे विजयकृष्ण गोस्वामी हेही १८७८ साली नव्या समाजात आले होते. काही वर्षांनी त्यांनी गयेस दीक्षा घेतली. १८८६ साली त्यांनी समाज सोडला आणि ते स्वतःच अनेकांचे गुरू झाले. बिपिनचंद्र पाल यांच्यासारखा शिवनाथांच्या तालमीत वाढलेला बुद्धिवादीही पुढे त्यांचा शिष्य झाला. याला विसंगती म्हणून हसणे सोपे आहे. गुरूची गरज ही फसवणुकीतून जन्मलेली नसते, मनुष्याच्या एकाकीपणातून जन्मलेली असते, असे याचे तात्पर्य समजणे अधिक न्याय्य होईल.

महाराष्ट्राला या घटनेचे स्मरण असण्याचे आणखी एक कारण आहे. १८६४ साली केशवचंद्र मुंबईस आले होते, आणि त्या प्रेरणेचा १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाशी निकटचा संबंध होता. रानडे, भांडारकर प्रभृतींनी बंगालकडून उपासनेची प्रेरणा घेतली, पण एका पुरुषाभोवती समाज उभा केला नाही. त्यांच्या समाजाला केशवचंद्रांच्या समाजासारखी उसळती भक्ती लाभली नाही, तद्वतच तसा भंगही त्याच्या वाट्याला आला नाही.

गुरूचा त्याग करणाऱ्याच्या मनात दोन गोष्टी एकाच वेळी असतात. जे मिळाले ते खरे होते, आणि जे झाले तेही खरे होते. शिवनाथ शास्त्रींनी पुढे ब्राह्म समाजाचा इतिहास लिहिला, आणि त्यांचे आत्मचरित्र १९१८ साली प्रसिद्ध झाले. या लेखनात केशवचंद्रांच्या चुका त्यांनी सोडल्या नाहीत आणि त्यांचे ऋणही नाकारले नाही. ज्याला आपण सोडून आलो त्याच्याविषयी इतक्या समतोलपणे लिहिता येणे, ही त्या गुरूपासून मिळालेल्या स्वातंत्र्याची बहुधा सर्वांत कठीण कसोटी असावी. ती उतरेपर्यंत मंडळी सुटलेली असते, गुरू मात्र मनातून सुटलेला नसतो.