तिथे पीएचडी म्हणजे पगाराची नोकरी



गटाच्या मीटिंगमध्ये हप्ते भरून झाले की मुलींच्या शिक्षणाचा विषय निघतोच. "पोरगी एम.एस्सी. झाली. अजून शिकवायचं तर पैसा कुठून आणू?" असं म्हटलं की विषय तिथेच थांबतो आणि स्थळं बघायला सुरुवात होते. म्हणून आज डेन्मार्कबद्दल सांगते.

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडचा छोटा देश. दुधाच्या धंद्यात मोठं नाव. तिथल्या शेतकऱ्यांनी पहिली सहकारी डेअरी १८८२ साली काढली. देशात आठ विद्यापीठं आहेत. सगळ्यात जुनं कोपनहेगनचं, १४७९ सालचं. पण तिथेसुद्धा बायकांना दार उघडलं ते १८७५ मध्ये! नील्सीन नील्सन ही तिथे शिकून देशातली पहिली महिला डॉक्टर झाली.

आता मुद्द्याचं. आपल्याकडे पीएचडी म्हणजे फी आणि मिळालीच तर शिष्यवृत्ती. डेन्मार्कमध्ये पीएचडी करणारी बहुतेक मुलं-मुली विद्यापीठाच्या नोकरीत असतात. दर महिन्याला पगार, वर पेन्शनची रक्कम, हक्काची रजा. पगार किती, हे संघटना आणि सरकार यांच्या करारानं ठरतं. मुदत साधारण तीन वर्षं. या काळात संशोधन करायचं, थोडं शिकवायचंही. बाळंतपण आलं तर पगारी रजा मिळते आणि तेवढी मुदत पुढे वाढते. म्हणजे लग्न झालं म्हणून शिक्षण संपलं, असं नाही. नवऱ्याला आणि लहान मुलांना सोबत नेण्यासाठी अर्ज करता येतो.

विषय कोणते? ऑर्हुस विद्यापीठात शेती, जनावरं, दूध आणि अन्नप्रक्रिया यांवर मोठं काम चालतं. डेन्मार्कच्या तांत्रिक विद्यापीठात पवनचक्कीच्या विजेवर. आपल्या घरातली मुलगी हे विषय लहानपणापासून बघत आलेली असते.

यासाठी एम.एस्सी., एम.टेक. अशी पदव्युत्तर पदवी लागते. इंग्रजी चांगलं हवं, कारण संशोधनाचं बरंचसं काम इंग्रजीत चालतं. जागा निघाली की जाहिरात विद्यापीठाच्या स्वतःच्या वेबसाइटवर येते. तिथेच ऑनलाइन अर्ज करायचा. मार्कशीट, पदवी, स्वतःची माहिती आणि हाच विषय मला का करायचा आहे याचं पत्र, एवढं जोडायचं. पत्र मुलीनं स्वतः लिहावं. शेवटची तारीख चुकली की संधी गेली.

एक गोष्ट गाठीला बांधा. नोकरीच्या या अर्जाला विद्यापीठ पैसे मागत नाही. "दोन लाख द्या, जागा पक्की करतो" म्हणणारा एजंट दारात आला तर त्याला चहासुद्धा पाजू नका. व्हिसाची सरकारी फी आणि विमानाचं तिकीट हा खर्च मात्र धरून ठेवा.

सोपं आहे असं मी म्हणत नाही. एकेका जागेला जगभरातून अर्ज येतात, नकारही येतात. तिकडे कर जास्त, महागाई जास्त, थंडी तर विचारू नका. पण पैसा नाही म्हणून मुलीला थांबवत असाल, तर ते कारण इथे लागू होत नाही.

आपण म्हशीसाठी कर्ज काढताना दहा ठिकाणी चौकशी करतो. मुलीसाठीही तेवढी करू या. पुढच्या मीटिंगला एम.एस्सी. करणाऱ्या मुलींना सोबत आणा. मोबाइलवर एक जाहिरात उघडून सगळ्या मिळून वाचू.